मालक कोण, असं बँकेनं विचारलं तर

कोल्हापूरजवळच्या आपल्या गडमुडशिंगीत कुणाच्याही दारात उभं राहून विचारा, "वहिनी, काय करता?" उत्तर ठरलेलं असतं. "काही नाही, घरीच असते. थोडी चटणी करते, थोडी शिलाई असते." हे 'थोडं' म्हणजे नेमकं किती, असं खोदून विचारलं की खरी गोष्ट बाहेर येते. उन्हाळ्यात पोत्यांनी मिरची निवडून होते, सुनेला आणि शेजारणीला मदतीला घ्यावं लागतं, दिवाळीच्या तोंडावर मशीन रात्री बारापर्यंत चालतं. वर्षाची उलाढाल कधीकधी घरातल्या पगारापेक्षा जास्त निघते. तरी ते 'थोडं'च राहतं, कारण ते कुणी कधी मोजलेलं नसतं आणि करणारीनं स्वतःही नाही.

आपल्याकडं नवऱ्याला मालक म्हणायची रीत आहे. "आमचं मालक कामाला गेल्यात," असं आपण सहज म्हणतो. घरात ते चालतं. बँकेत मात्र हाच शब्द आडवा येतो. कर्ज मागायला गेलेल्या बाईला समोरचा विचारतो, "मालक काय करतात?" आणि ती नवऱ्याची नोकरी, नवऱ्याचा पगार, नवऱ्याचं शेत सांगायला लागते. त्या प्रश्नाला "धंद्याची मालक मीच आहे, माझं सांगते," असं उत्तर देता यावं आणि त्या उत्तराला कागदाचा आधार असावा, एवढ्यासाठी हा लेख आहे. योजना पुष्कळ आहेत, त्यांची माहितीही पुढं देते. पण योजनेच्या आधी धंदा आपल्या नावावर असावा लागतो, आणि तिथंच आपल्या बहुतेकींचं अडतं.

सुरुवात अगदी छोट्या गोष्टीपासून करा. तुमच्या चटणीच्या डब्याशेजारी किंवा शिलाई मशीनवर जो क्यूआर कोड चिकटवला आहे, तो कुणाच्या खात्याचा आहे ते बघा. पुष्कळदा तो मुलाचा असतो, कारण मोबाइल त्याचा, खातं त्याचं आणि "त्यालाच ते कळतं". म्हणजे तीन वर्षं तुम्ही राबलात, गिऱ्हाइकांनी पैसे दिले आणि बँकेच्या लेखी ती उलाढाल तुमच्या मुलाची झाली. उद्या तुम्ही कर्ज मागितलंत तर तुमच्या खात्यात दिसेल शून्य. तो कागद आजच काढा, स्वतःच्या खात्याचा लावा. दुधाचंही तसंच. म्हशीला वैरण घालणारी, शेण काढणारी, पहाटे धार काढणारी बाई असते आणि डेअरीत सभासद म्हणून नाव पुरुषाचं. दहा दिवसांचं दूध बिल त्याच्या खात्यात पडतं. नियमित जमा होणाऱ्या रकमेइतकी बँकेला आवडणारी दुसरी गोष्ट नाही, आणि तीच आपण दुसऱ्याच्या नावावर ठेवून देतो.

क्यूआर नंतर उद्यम नोंदणी. सरकारच्या संकेतस्थळावर आधार आणि पॅन घेऊन ही नोंदणी घरबसल्या होते आणि ती पूर्ण मोफत आहे. कुणी हजार-दोन हजार मागत असेल तर तो सरकारचा माणूस नव्हे. प्रमाणपत्रावर उद्योगाचं नाव आणि मालक म्हणून तुमचं नाव येतं. खाण्याचा पदार्थ असेल तर अन्न सुरक्षेची नोंदणी घ्या, तिच्याशिवाय चांगलं दुकान माल ठेवत नाही. मग धंद्याचं वेगळं खातं उघडा. घराचा किराणा, मुलीची फी आणि मिरचीचे पैसे एकाच खात्यातून जात असतील तर हिशेब कधीच लागत नाही. शक्य असेल त्या वर्षापासून आयकराचं विवरणपत्र भरा, कर लागत नसला तरी भरा. मोठं कर्ज मागताना बँक मागच्या दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं बघते आणि ती मागाहून एकदम तयार करणं अवघड जातं.

नावाचा विषय निघालाच आहे, तर घराच्या उताऱ्याचंही बोलायला हवं. ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ वर बहुतेकदा फक्त सासऱ्यांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. तिथं दोघांची नावं लावायला अर्ज करता येतो. घरात हा विषय काढणं अवघड जातं, हे मला ठाऊक आहे. भांडणाच्या वेळी काढू नका, सगळे निवांत बसलेले असताना काढा.

कागद नसलेल्या बायकांनी बँक उभी केली, हेही याच महाराष्ट्रात घडलं आहे. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवडला, फुटपाथवर राहून लोहारकाम करणारी एक बाई रोजची चार पैशांची बचत ठेवायला बँकेत गेली, तर तिचं खातं उघडेनात. तिथं काम करणाऱ्या चेतना गाला सिन्हा यांनी तेव्हा बायकांची स्वतःची सहकारी बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेकडून पहिला अर्ज परत आला, कारण प्रवर्तक बायकांच्या सह्यांच्या जागी अंगठे होते. बायका गावी परत आल्या, लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कुठल्याही मुद्दलाचं व्याज आम्हाला तोंडी विचारा, आम्ही सांगतो. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. ही हकिकत मी दरवेळी सांगते ती त्यांच्या हिमतीसाठी तर खरीच, पण त्याहून त्या व्याजासाठी. त्या अधिकाऱ्यांसमोर गाऱ्हाणं घेऊन बसल्या नाहीत, हिशेब घेऊन बसल्या.

तर आपला हिशेब. कांदा-लसूण चटणी घ्या, ती आपल्या हाताखालची आहे. आकडे समजण्यापुरते धरते, तुमचे तुम्ही घाला. मिरची, कांदा, लसूण, खोबरं, तीळ, गरम मसाला, तेल, मीठ, कांडपाचे पैसे आणि पिशवी धरून किलोला ३८० रुपये पडले. तुम्ही ४८० ला विकता. शंभर सुटले, असं वाटतं. आता दहा किलोचा एक घाणा घ्या. मिरची वाळवणं, देठं काढणं, भाजणं, कांडपावर नेऊन ठसका सहन करत उभं राहणं, चाळणं, भरणं यात दोन बायकांचा एकेक दिवस जातो. रोजगार प्रत्येकी ४०० धरला तर ८०० झाले, म्हणजे किलोला ८०. गॅस, रिक्षा आणि फुटलेली-सांडलेली पिशवी मिळून २५. बेरीज ४८५. किलोमागं पाच रुपये तोटा. स्वतःची मजुरी फुकट धरली म्हणून धंदा नफ्यात दिसत होता.

आता विचार करा, हाच धंदा कर्ज काढून तिप्पट केला तर काय होईल? घरच्या बायकांच्या जिवावर शंभर किलो निघतात, तीनशे निघत नाहीत. बाहेरची माणसं लावावी लागतात, त्यांना रोख मजुरी द्यावी लागते आणि आजवर लपलेला तोटा उघडा पडतो. धंदा वाढवून कर्जात गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांचा माल उत्तम होता, फक्त दर चुकला होता. म्हणून बँकेत जायच्या आधी दर दुरुस्त करा. गिऱ्हाईक तुटेल ही भीती प्रत्येकीला असते. थोडं तुटतंही. पण जे फक्त स्वस्ताईसाठी येतं, त्याच्या जिवावर कर्जाचा हप्ता जात नाही.

दर बसला, की पैसा कशासाठी हवा ते ठरवा. आपल्याकडं कर्ज म्हणजे मशीन, असं डोक्यात बसलं आहे. पल्व्हरायझर, सीलिंग मशीन, जुकीचं शिलाई मशीन. मशीन डोळ्यांना दिसतं, त्याची पूजा करता येते, फोटो काढता येतो. पण चटणीच्या धंद्यात पैसा अडकतो तो मिरचीत. संकेश्वरी आणि ब्याडगी उन्हाळ्याच्या तोंडाला बाजारात येते. गडहिंग्लजच्या बाजारात तेव्हा वर्षाची मिरची एकदम भरून ठेवली तर दर हाताशी राहतो. पैसे नसतील तर आपण दर महिन्याला दुकानातून दहा-दहा किलो आणतो आणि पावसाळ्यात चढ्या भावानं घेतो. तिथं जो नफा जातो, तो कुठलंही मशीन भरून देत नाही. यासाठी लागतं ते खेळतं भांडवल.

खेळत्या भांडवलाचा एक सोपा हिशेब बँका पूर्वीपासून धरतात. येत्या वर्षात उलाढाल जितकी होईल असं पटवून देता येईल, तिच्या २५ टक्के खेळतं भांडवल लागतं असं मानायचं. त्यातलं २० टक्के बँकेनं द्यायचं, ५ टक्के उद्योजिकेनं घालायचं. समजा यंदा ८ लाखांचा माल विकला आणि पुढच्या वर्षी १२ लाखांचा विकायचा आहे. तर गरज ३ लाखांची, बँकेकडून २ लाख ४० हजार, तुमचे ६० हजार. ही रक्कम हप्त्याच्या कर्जात न घेता कॅश क्रेडिट म्हणून मागा. म्हणजे मिरची घेताना पैसे काढायचे, माल विकला की भरायचे आणि जेवढे दिवस वापरले तेवढ्याचंच व्याज. "साहेब, मला दोन-तीन लाख द्या," असं म्हणणारी आणि "माझी उलाढाल इतकी, म्हणून माझी मर्यादा इतकी बसते," असं म्हणणारी, या दोघींशी बँक वेगळं बोलते.

आता योजना. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत शिशु म्हणजे ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. तरुण गटातलं कर्ज नीट फेडलेल्यांसाठी २० लाखांपर्यंतचा तरुण प्लस हा गट पुढं जोडला आहे. आपल्या बायका शिशुवरच थांबतात. ५० हजार फेडले की पुन्हा ५० हजार. एकदा नीट फेडलंत तर वरची पायरी मागायचा तुमचा अधिकार तयार झालेला असतो, तो वापरा. लघुउद्योगाच्या निदान १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असं रिझर्व्ह बँकेचं बँकांना सांगणं आहे. त्यावरच्या रकमेला सीजीटीएमएसई नावाच्या निधीची हमी मिळू शकते आणि महिलांच्या उद्योगाला त्यात जास्तीचं संरक्षण आहे. शाखेत "तारण काय देता?" असं विचारलं तर नम्रपणे "हमी योजनेत बसवता येईल का?" असं विचारा.

अनुदानाच्या दोन योजनांतला फरक मात्र नीट समजून घ्या, कारण इथं फार गोंधळ होतो. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्पाच्या ३५ टक्के अनुदान मिळतं आणि स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात. पण ते नव्या उद्योगासाठी आहे. आधी धंदा सुरू करून मग अर्ज केलात तर बाद व्हाल. शिवाय अनुदान हातात येत नाही. ते तीन वर्षं बँकेत तुमच्या नावे अडकून राहतं आणि उद्योग चालू असल्याची तपासणी झाल्यावर कर्जात वळतं होतं. अर्ज जिल्हा उद्योग केंद्रात किंवा खादी मंडळाकडं. उलट, चटणी-पापडाचा धंदा आधीच चालू असेल तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना बघा. त्यात चालू उद्योगाच्या वाढीलाही ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान आहे आणि बचत गटातल्या प्रत्येक सभासदामागं ४० हजारांपर्यंत बीजभांडवलाची सोय आहे. ती कृषी खात्यामार्फत चालते. योजनांच्या मुदती आणि अटी दरवर्षी हलतात, म्हणून अर्जाआधी त्या त्या कार्यालयात ताजी स्थिती विचारून घ्या. आणि फक्त अनुदान आहे म्हणून धंदा निवडू नका. तीन वर्षं जो चालवायचा आहे, तो आपल्याला येणारा असावा.

दारात येऊन कर्ज देणाऱ्यांबद्दल मला मनापासून काळजी वाटते. दहा बायकांचा गट करतात, कागद कमी मागतात, आठवड्यात पैसे देतात. अडीनडीला त्याचा उपयोग होतो, हे नाकारत नाही. पण व्याज कसं लावलं आहे, ते विचारल्याशिवाय अंगठा किंवा सही करू नका. एक लाख रुपये दोन वर्षांसाठी १२ टक्क्यांनी घेतले. दर महिन्याला मुद्दल घटेल तसं व्याज घटत गेलं, तर हप्ता साधारण ४,७०७ रुपये आणि एकूण व्याज सुमारे १३ हजार. तेच १२ टक्के 'फ्लॅट' असतील तर पूर्ण लाखावर दोन्ही वर्षं व्याज, म्हणजे २४ हजार, हप्ता ५,१६७. दर तोच, व्याज जवळजवळ दुप्पट. कर्ज देताना सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर किती पडतो, हे सांगणारा मुख्य तथ्यांचा तक्ता तुम्हाला द्यावा लागतो. तो मागा, घरी आणा, दहावी शिकलेल्या लेकीकडून मोठ्यानं वाचून घ्या.

दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहतानाही तेवढीच सावधगिरी बाळगा. दिराच्या ट्रॅक्टरला सही केली आणि हप्ते थकले, तर तो डाग तुमच्या पतअहवालावर दिसतो. हा अहवाल प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. बँकेनं बघायच्या आधी तुम्ही बघा.

भिशीबद्दल. आपल्या गल्लीगल्लीत ती आहे आणि मी तिला कमी लेखत नाही. ठरल्या तारखेला पैसे काढून ठेवायची सवय आपल्या बायकांना शाळेनं लावली नाही, भिशीनं लावली. पण पंधरा वर्षं एकही हप्ता न चुकवलेल्या बाईची ती शिस्त कुठल्याच कागदावर उमटत नाही. म्हणून भिशी लागली की पैसे आधी आपल्या खात्यात भरा आणि तिथून मिरचीवाल्याला द्या. तीच गोष्ट सोन्याची. हंगामापुरतं, चार-सहा महिन्यांत माल विकून सोडवता येईल इतपत, सोनं तारण ठेवायला हरकत नाही. ते स्वस्त पडतं. मशीनसाठी किंवा गाळ्याच्या डिपॉझिटसाठी दागिना ठेवू नका, ते पैसे वर्षानुवर्षं परत फिरत नाहीत.

शिलाई करणाऱ्यांचं दुखणं वेगळं आहे. आपल्या शेजारी गांधीनगरची कापडपेठ आहे. वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलंडमधल्या निर्वासितांची छावणी होती, नंतर फाळणीत सर्वस्व गमावलेली सिंधी कुटुंबं तिथं आली आणि त्यांनी ही घाऊक पेठ उभी केली. उधारी कशी द्यायची, कशी वसूल करायची, हे त्या पेठेकडून शिकावं. आपण तिथून नगावर काम आणतो आणि पैसे मात्र "पुढच्या आठवड्यात या" वर राहतात. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचं बिल कायद्यानं १५ दिवसांत आणि लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीनं व्याज लागतं. आता एकुलत्या एक व्यापाऱ्यावर तक्रार करा, असं मी सांगणार नाही, काम बंद होईल. पण मालाच्या प्रत्येक खेपेमागं छापील बिल द्या, त्यावर उद्यम क्रमांक आणि पैसे देण्याची तारीख लिहा. क्रमांक दिसला की व्यापाऱ्यालाही कळतं की हे बिल थकवलं तर त्याच्या स्वतःच्या आयकरात ते अडचणीचं ठरू शकतं. आणि त्याच वेळी दुसरं, तिसरं गिऱ्हाईक शोधा.

गिऱ्हाईक हे भांडवलाचंच दुसरं रूप आहे, हे कोल्हापुरात वेगळं सांगायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढायला मदत केली आणि तेवढ्यावर न थांबता स्वतः तिथं जाऊन चहा घेतला. तो चहा घेतला नसता तर नुसत्या पैशानं ते हॉटेल चाललं नसतं. मुंबईच्या गिरगावात १५ मार्च १९५९ ला सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. पैसा उसना होता, म्हणून पहिल्या दिवसापासून विक्री आणि परतफेड डोळ्यांपुढं होती. दौंड तालुक्यातल्या खुटबावला कमलताई परदेशी यांनी शेतमजूर बायकांना घेऊन गट काढला आणि त्यांचा अंबिका मसाला शहरातल्या मोठ्या दुकानांत गेला. आपल्या कोल्हापुरातच कांचनताई परुळेकर यांनी बँकेतली नोकरी सोडून स्वयंसिद्धा संस्था उभी केली आणि प्रशिक्षणाबरोबर मालाच्या विक्रीचीही वाट काढून दिली. कर्जाचा अर्ज लिहायच्या आधी म्हणूनच एक यादी करा: माझा वाढीव माल घेणार कोण? विमानतळाकडच्या रस्त्यावरची हॉटेलं, गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतली कॅन्टीन, पुण्या-मुंबईला गेलेली आपली माणसं. दोघा-तिघांकडून "इतका माल इतक्या दरानं घेऊ" असं साध्या कागदावर लिहून आणलंत तर तो कागद बँकेत जामीनदाराइतका उपयोगी पडतो.

ज्यांची उलाढाल याच्याही पुढं गेली आहे, त्यांनी कंपनी किंवा एलएलपीचा (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीचा) विचार करावा. राज्याच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर महिला स्टार्टअप योजनेत १ लाखापासून २५ लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे, पण त्यासाठी कंपनीत महिलेचा वाटा निदान ५१ टक्के लागतो आणि स्टार्टअप म्हणून केंद्राची मान्यता लागते. कागदावर बाई आणि कारभार दुसऱ्याचा, असा प्रकार करू नका. सही तुमची असते आणि वसुलीची नोटीसही तुमच्याच नावानं येते.

बँकेत जाताना एकटीनं जाऊ नका असं सगळे सांगतात. मी म्हणते, सोबतीला कुणी जरूर न्या, बोला मात्र तुम्ही. उद्यम प्रमाणपत्र, वर्षाचं बँक विवरण, विक्रीची वही, दराचा हिशेब, गिऱ्हाइकांचे कागद, आणि जमलंच तर चटणीची एक पुडी. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. ते घेऊन आपल्या जिल्ह्याची अग्रणी बँक असलेल्या बँक ऑफ इंडियाच्या जिल्हा अग्रणी व्यवस्थापकांकडं जाता येतं. त्याच बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थाही आहे, तिथलं प्रशिक्षण मोफत असतं.

मिरचीचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो. अर्ज, तपासणी, मंजुरी यात दोन महिने सहज जातात. म्हणजे क्यूआर कोड या आठवड्यात बदलायचा, उद्यम नोंदणी दसऱ्याच्या आत, दिवाळीची सगळी विक्री स्वतःच्या खात्यावर आणि डिसेंबर लागला की अर्ज घेऊन शाखेत. गडहिंग्लजला नवी मिरची उतरेल तेव्हा पैसे खात्यात असले पाहिजेत.